आधी वही परत द्या

(पत्राचा गोषवारा: आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९२ टक्के होते, आता क्लासच्या टेस्टमध्ये निम्म्यावर आली आहे. रात्री अकरानंतर मोबाइलवर जुने इंग्रजी भयपट कसे तयार झाले याच्या डॉक्युमेंटरी बघत बसते. त्यावर तिने दोनशे पानी वही भरली आहे. महिन्यापूर्वी मी रात्रीचं वायफाय बंद केलं आणि वही कपाटात कुलपात ठेवली. आम्ही अंधश्रद्ध नाही, पण तिच्या आजीचं म्हणणं पडलं की एकदा तिला कुणाला तरी दाखवून आणावं. उद्या ती म्हणेल, सायन्स सोडते, मला एफटीआयआयला (पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला) घाला. तुम्ही तिला चांगलं खडसावून सांगा. हे पत्र मी लिहिलं हे मात्र तिला कळू देऊ नका. पुरावा म्हणून वहीतल्या तीन पानांची झेरॉक्स जोडली आहे.)

स. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि झेरॉक्स चार वेळा. पत्रात मार्कांवर दीड पान खर्च झालंय. त्या दीड पानाने माझी झोप उडाली नाही. क्लासच्या टेस्टचे पेपर मुद्दाम अवघड काढतात, आणि दिवाळीच्या आधी निम्म्यावर असलेली कितीतरी मुलं मी फेब्रुवारीत नीट उभी राहिलेली पाहिली आहेत. माझं लक्ष अडकलं ते एका छोट्या वाक्यावर: ‘वही घेतली तेव्हा ती काही बोलली नाही, शांत होती.’ हे तुम्ही समाधानाने लिहिलंय.

पंचवीस वर्षं सल्लागार म्हणून या खुर्चीत बसून मी एवढं शिकले आहे की दार आपटणाऱ्या, जेवण टाकणाऱ्या मुलांची मला फारशी धास्ती वाटत नाही. ती अजून आईबापांशी भांडतायत, म्हणजे बोलतायत. सतरा वर्षांची मुलगी दोनशे पानांचं स्वतःचं काम बापाच्या हातात जाताना बघते आणि चकार शब्द काढत नाही, तेव्हा तिने मनातल्या मनात काहीतरी ठरवलेलं असतं. काय ठरवलंय हे तुम्हाला सांगायची तिला गरज वाटलेली नाही. टेस्टच्या मार्कांपेक्षा हे जास्त गंभीर आहे, आणि ते तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता त्या ‘पण’बद्दल. ‘आम्ही अंधश्रद्ध नाही, पण’. या ‘पण’ची पुण्यात फार मोठी वस्ती आहे. आजींचं वय बघता मी त्यांना काही म्हणणार नाही, तुम्हाला म्हणेन. भयपट बघून दचकणाऱ्या मुलीला कुणाला तरी दाखवणारी घरं मी पाहिली आहेत. पण तुमची मुलगी तर भुताच्या मुळावर उठली आहे, तिला कुणाकडे नेणार? नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिचे कार्यकर्ते शाळाशाळांतून बाबाबुवांचे चमत्कार आधी करून दाखवायचे आणि मग त्यातली हातचलाखी उघड करायचे. तुमच्या पिढीतल्या अनेकांनी असा कार्यक्रम पाहिलाय आणि टाळ्याही वाजवल्यात. तुमची मुलगी रात्री अकरानंतर नेमकं तेच बघते, फक्त तिचे बुवा इंग्रजी बोलतात.

तुम्ही पुरावा म्हणून पानं पाठवलीत, ती वाचलीत का? मला शंका आहे.

पहिल्या पानावर ‘द एक्झॉर्सिस्ट’ची (१९७३) खोली काढली आहे. झपाटलेल्या मुलीच्या खोलीत माणसांच्या तोंडातून वाफ निघताना दिसायला हवी होती. म्हणून न्यूयॉर्कच्या स्टुडिओत अख्खी खोली कूलिंगची यंत्रं लावून शून्याखाली गार केली होती. दिवे लागले की ती तापायला लागायची, मग थांबून पुन्हा गार करायची. तुमच्या मुलीने उष्णता कुठून येते, कुठे जाते ते बाणांनी दाखवलंय आणि शेजारी लिहिलंय, ‘दिवे एकूण किती वॅटचे? काढून बघ.’ खाली गणित मांडलंय, एक पायरी चुकलीय, ती खोडून पुन्हा केलीय. ज्या विषयात तिला सगळ्यात कमी मार्क पडले असं तुम्ही म्हणता, तो फिजिक्सच ना?

दुसरं पान हिचकॉकच्या ‘सायको’चं (१९६०). त्यातल्या बाथरूममधल्या खुनावर २०१७ साली ‘७८/५२’ नावाची एक अख्खी डॉक्युमेंटरी निघाली: कॅमेऱ्याच्या ७८ मांडण्या आणि ५२ कट, असा नावाचा अर्थ. चित्रीकरणाला सात दिवस लागले, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, सुरा घुसल्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या फळात सुरा खुपसून काढला. ही माहिती हल्ली कुणालाही दोन मिनिटांत मिळते आणि ती वहीत उतरवल्याबद्दल मी कुणाचं कौतुक करणार नाही. कौतुक पुढचं आहे. तिने पानाच्या मधोमध रेघ मारली आहे. एका बाजूला लिहिलंय: ग्राफिक डिझायनर सॉल बास म्हणतो, हा प्रसंग मी दिग्दर्शित केला. दुसऱ्या बाजूला: त्या प्रसंगातली नटी जॅनेट ली म्हणते, नाही, प्रत्येक शॉटला हिचकॉकच होता. त्याखाली प्रश्न: ‘या दोघांपैकी कुणाला काय फायदा? तिसरा माणूस कोण होता सेटवर? त्याला कुणी विचारलं?’

हे पान वाचून मी चष्मा काढून ठेवला. पदवीधर मुलं माझ्याकडे प्रोजेक्ट घेऊन येतात, त्यांना हा प्रश्न पडत नाही. आठवण सांगणारा माणूस आणि घडलेली गोष्ट यांत अंतर असतं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

तिसरं पान तुम्ही सावकाश वाचावं अशी विनंती आहे. पुन्हा ‘एक्झॉर्सिस्ट’च. झपाटलेली मुलगी आईच्या थोबाडीत मारते आणि आई मागे फेकली जाते, असा प्रसंग. आईचं काम करणाऱ्या एलन बर्स्टिन यांच्या कमरेला पट्टा बांधून मागून दोरीने ओढायचं होतं. फार जोरात ओढलं जातंय, हे त्यांनी दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांना आधी सांगितलं होतं. पुढच्या टेकला पुन्हा तसंच ओढलं आणि माकडहाडाला इजा झाली. सिनेमात ऐकू येते ती किंकाळी खरी आहे. बीबीसीने १९९८ साली केलेल्या ‘द फिअर ऑफ गॉड’ या डॉक्युमेंटरीत, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, त्या हे सांगतात. तुमच्या मुलीने या सगळ्यावर चारच शब्द लिहिलेत: ‘शॉट मिळाला. पाठ गेली.’

तुम्ही मला सांगताय, तिला खडसावा. फ्रीडकिनलाही चांगला शॉटच हवा होता. घाबरवलं, दुखवलं की माणसाकडून अस्सल काम निघतं अशी त्याची पक्की समजूत होती, आणि काम निघालंही. तुमच्या पद्धतीने कदाचित पर्सेंटाइलही निघेल. माझ्याकडे असे पर्सेंटाइल मिळवलेले तिशीतले लोक येतात. आईवडिलांचा फोन आला की ते मोबाइल उलटा करून ठेवतात. मी कुणालाही खडसावत नाही, आणि मुलीपासून लपवून तिच्याबद्दल सल्लाही देत नाही. हे उत्तर नाव-गाव न लिहिता छापलं जाईल. ते तिच्या नजरेस पडायच्या आत तुम्हीच तिला सांगा की पत्र तुमचं होतं.

परीक्षांचं म्हणाल तर बोर्ड, एमएचटी-सीईटी, वाटल्यास जेईई, जे अर्ज भरलेत ते तिने द्यावेत. त्यावर क्लासवाले माझ्यापेक्षा जास्त बोलतात.

एफटीआयआयची तुमची भीती मात्र निराधार आहे. लॉ कॉलेज रोडवर राहणाऱ्यांचाही हा गैरसमज असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. तिथल्या दिग्दर्शन, छायांकन, संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या चित्रपट अभ्यासक्रमांना बारावीवर प्रवेश नसतो, आधी पदवी लागते. त्यानंतर प्रवेश परीक्षा, मुलाखत, आणि जागा अगदी मोजक्या. कलादिग्दर्शनासाठी उपयोजित कला, आर्किटेक्चर अशा ठरावीक पदव्या विचारतात. आणि ध्वनी विभागासाठी बारावीला फिजिक्स असावं लागतं. म्हणजे सायन्स सोडून एफटीआयआय हा रस्ताच अस्तित्वात नाही. उलट सायन्स सोडलं तर एक दार बंद होतं. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचं माहितीपत्रक बघायचंच, पण ती वेळ अजून तीन-चार वर्षं लांब आहे. तुम्ही ज्या संकटासाठी वायफाय बंद केलंत, ते यंदा येणारच नव्हतं.

आता माझं मत. तिला सिनेमे बनवायचे आहेत असं तुम्ही धरून चाललात. मला वहीत तसं दिसत नाही. भुताचा मेकअप शिकायचीही तिला ओढ दिसत नाही. तिला शोधून काढायचं आहे की त्या दिवशी सेटवर खरं काय झालं. याला संशोधन म्हणतात, आणि सिनेमाच्या जगात त्याची घरं म्हणजे चित्रपट संग्रहालयं, फिल्म जतन करणाऱ्या संस्था, माहितीपटांचे संशोधन विभाग. त्यातलं भारतातलं सगळ्यात मोठं घर, १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ते ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर यांच्यावर ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) नावाचा माहितीपट आहे, तो घरात तिघांनी बसून बघा. तो करणारे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी पुढे फिल्म हेरिटेज फाउंडेशन काढलं, त्यांच्या फिल्म जतनाच्या कार्यशाळा असतात. या कामाला रसायनशास्त्र लागतं. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते. पुण्यात २००३ च्या आगीत अशी बरीच फिल्म गेली. नंतरची अॅसिटेट फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरसारखा वास सुटतो. केमिस्ट्रीतलं अॅसिटिक अॅसिड ते हेच.

म्हणून बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा फिजिक्स, नाहीतर सरळ इतिहासात बी.ए., यातलं तिला जे आवडेल ते. इंजिनिअरिंग तिला जमणार नाही असं नाही. पोळ्या मलाही उत्तम जमतात. म्हणून मी पोळी-भाजी केंद्र काढलं नाही. पैशाचं लपवणार नाही: या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या आहेत, बऱ्याच कंत्राटी आहेत, आणि पहिली काही वर्षं तिच्या आयटीतल्या मैत्रिणींचे पगार ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. तिलाही वाटेल. ते तिला आत्ताच माहीत असू दे.

तिच्यासाठी दोन गोष्टी आहेत, आणि त्या गोड नाहीत. रात्री दोनपर्यंत जागणं बंद. वही दिवसा लिही, रविवारी लिही. दुसरं, तू जे बघतेस त्यातलं बरंचसं विकण्यासाठी बनवलेलं असतं. सिनेमाला पंचवीस वर्षं झाली, तो पुन्हा थिएटरात किंवा डीव्हीडीवर यायचा असतो, तेव्हा मुलाखती घेतल्या जातात. ‘कुणाला काय फायदा’ हा तुझा प्रश्न त्या डॉक्युमेंटरीलाही लाव. शिवाय एवढ्या वहीत मराठी एक तरी नाव आहे का? सिनेमा कसा तयार करतात हे दाखवणारा छोटा चित्रपट दादासाहेब फाळक्यांनी १९१७ सालीच केला होता. आणि प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात. तो भयपट नाही, पण युक्ती त्याच जातीची. ते विमान पुण्यातच उडवलं गेलं, आज एफटीआयआय आहे त्याच आवारात. कसं उडवलं? बोर्ड संपलं की संग्रहालयाच्या ग्रंथालयात प्रवेशाचे नियम विचार आणि शोधून काढ. माहिती सांगणारे दोन सापडले आणि त्यांचं एकमेकांशी जुळलं नाही, तर मला भेटायला ये.

साहेब, तुमच्यासाठी एकच काम. तिसऱ्या पानाची झेरॉक्स तिरकी आली आहे, शेवटची ओळ कापली गेलीय. ‘शॉट मिळाला. पाठ गेली.’ याच्या खाली तिने आणखी काहीतरी लिहिलंय, अक्षरांचे फक्त वरचे शेंडे दिसतात. वही परत दिलीत की ती ओळ काय आहे ते तिला विचारा. सांगितलं तर मलाही कळवा.