फॅमिलीसर्च फुकट का आहे?

प्रश्न : वंशावळ शोधायला फॅमिलीसर्च ही वेबसाइट मोफत आहे म्हणतात. पण ते चर्चचं आहे ना? धर्मांतराची भानगड नाही ना?

पैसे खरंच लागत नाहीत. खातं उघडलं की झालं. वंशावळीच्या या कामाचा खर्च उचलतं ते अमेरिकेतलं मॉर्मन चर्च, 1894 पासून, वेबसाइट येण्याच्या कितीतरी आधीपासून. मेलेल्या पूर्वजाच्या नावाने जिवंत वंशजाने बाप्तिस्मा घ्यावा, तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्याने ठरवावं, अशी त्यांची श्रद्धा. त्यासाठी आधी पूर्वज कोण ते कळायला हवं! म्हणून 1938 पासून देशोदेशीच्या दप्तरांची मायक्रोफिल्म केली. सुमारे 24 लाख रिळं सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत ठेवली आणि 2021 मध्ये त्यांचं डिजिटायझेशन पुरं केलं. खातं उघडलं म्हणून धर्म बदलत नाही. मात्र नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावं या विधीत आली तेव्हा वाद पेटला आणि 1995 मध्ये चर्चला ज्यू संघटनांशी समझोता करावा लागला. हे मनाला पटत नसेल तर घरची नावं चढवू नका, नुसतं शोधा. मी तेच सुचवेन.

प्रश्न : आपल्याकडचं काही सापडेल का?

हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा इथल्या पंड्यांच्या, म्हणजे तीर्थपुरोहितांच्या, यात्रेकरूंची नोंद असलेल्या वह्यांची पानं तिथे आहेत. मात्र नाव टाकलं की पणजोबा हजर, असं होत नाही; पानं चाळावी लागतात. मराठी घराण्याने आधी नाशिक-त्र्यंबकेश्वर गाठावं. तिथले उपाध्ये आडनावाबरोबर मूळ गाव विचारतात, कारण कुलकर्णी-देशपांडे गावोगाव. वही उघडली की कोण आला, कुणाचा मुलगा, भाऊ कोण, हे त्या यात्रेकरूच्या शब्दांत मिळतं. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा वाचणारा सोबत न्या.

प्रश्न : आमचे एक पूर्वज मुंबई इलाख्यात गोऱ्या पलटणीत होते. त्यांचं लग्न सापडेल?

शक्यता चांगली. भारतातल्या चर्चमधल्या 1792 ते 1948 दरम्यानच्या विवाहांची सूची फॅमिलीसर्चवर आहे.

प्रश्न : मी भरलेली आजोबांची माहिती कुणीतरी बदलली!

तिथे सगळ्यांचा मिळून एकच वृक्ष आहे; मृत व्यक्तीचं पान कुणीही बदलू शकतो. बदलांचा इतिहास राहतो, त्यातून जुनी माहिती परत आणा आणि सोबत मृत्यूचा दाखला किंवा वहीच्या पानाचा फोटो जोडा. पुराव्याला हात लावताना लोक जरा बिचकतात. दुसऱ्याचं झाड मात्र जसंच्या तसं उचलू नका. थेट जमदग्नीपर्यंत पोचलेल्या वंशावळी मी पाहिल्यात. मधल्या पिढ्यांचा एक कागद विचारा, लगेच शांतता.