फिंच फुगून बसलीय, काय करू?

या महिन्यात फिंच या चिमुकल्या पाळीव पक्ष्याबद्दलची पत्रं सगळ्यांत जास्त आली. ज्यांना घाई होती त्यांना फोनवर लगेच कळवलं. इथे उत्तरं सविस्तर देते आहे, कारण हेच प्रश्न उद्या तुमच्याही घरी उभे राहतील.

माझ्याकडे झेब्रा फिंचची जोडी आहे. मादी महिन्यामागून महिने अंडी घालते आहे. कालपासून ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून, डोळे मिटून बसली आहे. दुकानदाराने पाण्यात घालायला एक पिवळी पावडर दिली आहे. देऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

ताई, पावडर बाजूला ठेवा. आधी तिला ऊब द्या आणि आजच्या आज पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. उद्या नको.

तुमच्या वर्णनावरून अंडं अडकल्याचं दिसतंय. तिला अलगद उचलून पोट बघा. शेपटीच्या खाली फुगवटा दिसतो, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होते, मधूनच ती कुंथते. अंड्याचं कवच कॅल्शियमचं असतं आणि ते बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं. लागोपाठ अंडी घालून अंगातला साठा संपला की कवच मऊ होतं, स्नायूंत जोर उरत नाही आणि अंडं वाटेतच थांबतं. थंडीच्या रात्री, पहिलटकरणीला किंवा लहान पिंजऱ्यात उडायला न मिळून लठ्ठ झालेल्या मादीला हा त्रास जास्त होतो.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत एवढं करा. पुठ्ठ्याच्या लहान खोक्यात मऊ कापड घाला आणि तिला त्यात ठेवा. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या एकाच बाजूला लावा, म्हणजे फार गरम झालं तर तिला दुसरीकडे सरकता येईल. आतली हवा तीस-बत्तीस अंशांच्या आसपास असू द्या. जुना पिवळा बल्ब असेल तर तोही चालतो. एलईडी दिवा तापत नाही, त्याचा इथे उपयोग नाही. शेजारी कोमट पाण्याचं भांडं ठेवलं की हवेत दमटपणा येतो, त्यानेही मदत होते. पोट मात्र अजिबात दाबू नका. अंडं आत फुटलं तर ती वाचणं कठीण. डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन देतात आणि वेळेवर दिलं तर पुष्कळदा अंडं आपोआप सुटतं. तुम्हाला जवळपास कोणी सापडलं नाही तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा.

अशा पिवळ्या पावडरी बहुतेक टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या असतात. अडकलेल्या अंड्याला त्याने काही होत नाही. शिवाय आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे पोटात किती औषध गेलं ते कळत नाही. आणि कॅल्शियमबरोबर दिलं तर हे औषध नीट शोषलंही जात नाही. दुकानातल्या त्या पुडीवर विसंबून पक्षी गेलेली घरं मी बरीच पाहिली आहेत, म्हणून इतकं ठासून लिहिते.

ती बरी झाली की घरटं काढून टाका. मडकं असो की गवताची टोपली, काढाच. काथ्याही काढा. झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातली. तिथे पाऊस पडला, गवताला दाणे आले की ती अंड्यावर बसते, दुष्काळात थांबते. आपल्या घरी वाटी बारा महिने भरलेली, म्हणजे तिच्या लेखी दुष्काळ कधी येतच नाही. घरटं समोर आहे तोवर ती चार-सहा अंड्यांचा एकेक डाव टाकत राहणार. वर्षाला दोन, फार तर तीन डाव पुरेत. बाकीचे महिने घरट्याशिवाय जाऊ द्या.

पिंजऱ्यात समुद्रफेन, म्हणजे माकुळीच्या पाठीतलं कॅल्शियमचं पांढरं हाड, कायम अडकवलेलं असू दे. काष्ठौषधींच्या दुकानात स्वस्तात मिळतं. कोकणात किनाऱ्यावर सापडलेलं असेल तर आधी दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवा, मग कडक उन्हात वाळवा. अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, बारीक कुटून दिली तरी चालतं. आणि सकाळचं कोवळं ऊन हवंच, नाहीतर दिलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. हे ऊन थेट पडलं पाहिजे. बंद खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात तो गुण राहत नाही. अर्धा पिंजरा मात्र सावलीत ठेवा.

आता थोडं परखड. तुमची मादी काल आजारी पडलेली नाही. फिंचचं वजन दहा-पंधरा ग्रॅम. रानात जो पक्षी दुबळा दिसतो त्याच्यावरच शिक्रा झडप घालतो, म्हणून अंगात त्राण आहे तोवर तो दुखणं लपवतो. तळाशी येऊन बसला म्हणजे लपवण्याचंही बळ संपलं. मी रोज सकाळी दाणे बदलण्याआधी पिंजऱ्यापासून चार पावलं लांब उभी राहते. जवळ गेलं की सगळे सावध होऊन ताठ बसतात, खरं काही दिसत नाही. लांबून दिसतं: दिवसा कोण दोन्ही पायांवर फुगून बसलंय, कुणाची शेपटी हलतेय, दाणे सोलण्याचं नाटक करून कोण नुसतेच टाकतंय. मग तळाचा कागद बघते. विष्ठेत गडद भाग आणि पांढरा भाग वेगळे दिसायला हवेत. आठवड्यातून एकदा झाकणाच्या डबीत घालून स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर वजन. बारा ग्रॅमच्या जिवात एक-दीड ग्रॅम कमी होणं मोठी गोष्ट आहे आणि ती डोळ्यांना दिसायच्या आत काट्यावर दिसते.

मावशी, आम्ही दोन दिवस गावाला गेलो होतो. शेजारचे काका रोज येऊन बघत होते. ते म्हणाले वाटी भरलेलीच होती, पाणीही होतं. तरी आमचे दोन्ही फिंच मेले. असं का झालं?
– इयत्ता सातवी, कोल्हापूर

बाळा, तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. तुझी चूक नाही आणि काकांचीही नाही. वाटी भरलेली दिसत होती, पण तू लिहिलंयस त्यावरून ती टरफलांनी भरलेली असावी. फिंच दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो आणि टरफल तिथेच वाटीत टाकतो. वरून बघणाऱ्याला दाणे आणि टरफलं सारखीच दिसतात. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा नसतो, दिवसभराचा उपाससुद्धा त्याच्या जिवावर बेततो.

पुन्हा पक्षी आणलेस तर रोज सकाळी वाटी हातात घेऊन हलकी फुंकर मार. टरफलं उडतात, दाणे खाली राहतात. काय उरलं ते बघ आणि वर ताजे दाणे घाल. गावाला जाताना शेजाऱ्यांना हे करून दाखव, नुसतं सांगू नकोस. दाणे दोन वाट्यांत ठेव, पाणीही दोन ठिकाणी. मुख्य दाणा राळं, सोबत वरी आणि थोडी बाजरी. कोथिंबीर, मेथी किंवा शेवग्याचा पाला धुऊन रोज थोडा.

पावसाळा सुरू झाल्यापासून आमचा नर गात नाही. रात्री पिंजऱ्यावर कापड टाकलं की ‘टिक टिक’ असा बारीक आवाज येतो. चोच उघडी ठेवून श्वास घेतो. पिंजरा देवघराशेजारी आहे.
– एक वाचक, रत्नागिरी

काका, पिंजरा आजच तिथून हलवा. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका, यातलं काहीही फिंचच्या आसपास नको. पक्ष्याच्या फुफ्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि हवा सतत एकाच दिशेने वाहत राहते. उडायला लागणारा प्राणवायू त्यामुळे मिळतो, पण हवेतलं विषही तितक्याच वेगाने आत जातं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने घरातला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, माणसाला मात्र वासही येत नाही.

पण ‘टिक टिक’ हा आवाज केवळ धुराचा नाही. श्वासनलिकेत राहणारे माइट नावाचे सूक्ष्म किडे असतात, त्यांचं हे ठळक लक्षण. गाणं थांबणं हेही त्यातलंच. अनुभवी डॉक्टर अंधाऱ्या खोलीत पक्षी हातात धरतात, मानेची पिसं ओली करून बाजूला सारतात आणि मागून बारीक टॉर्च लावतात. पातळ कातडीतून श्वासनलिका उजळते आणि तिच्यात मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसतात. उपाय आहे. आयव्हरमेक्टिनचा, पक्ष्यासाठी पातळ केलेला थेंब मानेच्या कातडीवर लावतात, ठरावीक दिवसांनी पुन्हा लावतात, आणि त्या पिंजऱ्यातल्या सगळ्यांनाच लावतात. शेतीसामानाच्या दुकानातली गुरांसाठीची बाटली आणून घरी प्रयोग करू नका. गाईच्या मात्रेतला एक थेंबही फिंचला फार होतो.

तुमच्याकडच्या दमट हवेत दाण्यांनाही बुरशी लागते, तिनेही छाती धरते. ओल्या फडक्यावर मूठभर राळं पसरा. दोन-तीन दिवसांत बहुतेक दाण्यांना मोड आले तर माल ताजा. कुबट वास आला तर पोतं टाकून द्या, उन्हात वाळवून परत वापरू नका. बुरशीचं विष उन्हाने जात नाही.

आठवडी बाजारात ‘देशी फिंच’ म्हणून लाल मुनिया मिळतात. घेऊ का?
– सातारा

नको. आपल्या रानातल्या सगळ्या मुनियांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, विकणं, पाळणं, सगळं गुन्हा. जाळ्यात धरलेल्यांतले कितीतरी वाटेतच मरतात, काहींना रंग फासून परदेशी म्हणून विकतात. वनविभागाला 1926 क्रमांकावर कळवा. लाल मुनिया बघायची असेल तर पावसाळ्यात उंच गवताच्या पाणथळ जागी जा, नर तेव्हाच लालबुंद होतो. पाळायला पिंजऱ्यातच जन्मलेली झेब्रा किंवा बेंगालीज फिंच घ्या.

दुकानातून महिन्याचं पिल्लू आणलं होतं. नर आहे, आता वर्षाचा झाला. चांगलं खातो, उडतो, पण गाणं अगदीच तुटक, बेसूर. आजारी आहे का?
– नाशिक

आजारी नाही. झेब्रा फिंचचा नर जन्मतः गाणं घेऊन येत नाही, बापाकडून शिकतो. साधारण पंचविसाव्या दिवसापासून तो कान देऊन ऐकतो, मग स्वतः घोकतो आणि नव्वदीच्या आसपास गाणं कायमचं पक्कं होतं. तुमच्या पिल्लाला त्या दिवसांत समोर गाणारा मोठा नर मिळाला नाही, म्हणून त्याचं गाणं असं राहिलं. आता दुसरा नर आणलात तरी ते बदलणार नाही.

पण त्याला एकटा ठेवू नका. फिंच थव्यात राहणारी जात आहे, माणसाची सोबत तिला पुरत नाही. मादी आणा. पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असू द्या, निदान अडीच फूट, म्हणजे दोघांना आडवं उडता येईल. आणि नवी आली की तिला आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, तिचं दाणापाणी जुन्याचं झाल्यावर करा आणि हात धुवा.