कारखान्याचं सॉफ्टवेअर, म्हणजे ईआरपी, महिन्याचा एमआरपी (कोणता माल कधी आणि किती लागेल याचं नियोजन) काढते, ग्राहक मात्र रोज कानबान कार्ड ("एवढा माल संपला, तेवढाच भरा" अशी चिठ्ठी) पाठवतो. नेमकं कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही. फक्त एकाच ठिकाणी दोघांचं ऐकू नका. ज्यांना "कार्ड म्हणजे कार्ड, प्लॅनिंग हे पाप" असं वाटतं, त्यांनी एक सिंहस्थ नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत डिस्पॅचवर काढावा.

मी 2015 साली तिथे एका प्रेस शॉपमध्ये पीपीसी, म्हणजे उत्पादनाचं नियोजन, बघायचो. साहेब नुकतेच कानबानचं ट्रेनिंग करून आलेले. कार्ड आल्याशिवाय एक पीस मारायचा नाही, कॉइलचाही (कच्च्या पत्र्याच्या गुंडाळीचाही) साठा ठेवायचा नाही. आमच्या एका ब्रॅकेटचा हिशोब असा: रोज 400 नग, भरपाईला 3 दिवस, वर 20 टक्के राखीव, एका बिनमध्ये 120 नग, बिनमागे एक कार्ड. म्हणजे 12 कार्डं. त्या 3 दिवसांतच कळंबोलीच्या स्टील बाजारातून कॉइल येऊन, प्रेस होऊन, प्लेटिंगहून परत यायचं. सहा महिने छान चाललं, खोटं कशाला बोलू.

29 ऑगस्टला सिंहस्थाची पहिली पर्वणी, म्हणजे शाहीस्नान, होती. ही तारीख नाशिकच्या रिक्षावाल्यांनासुद्धा पाठ. मी जुलैपासून मागे लागलो होतो, "साहेब, आठवड्याची कॉइल आधी आणून टाकू." उत्तर ठरलेलं, "तुम्ही पुन्हा पुशकडे चाललात." पुश म्हणजे मागणी यायच्या आधीच अंदाजाने माल पुढे ढकलणं. अहो, कार्ड माल संपल्यावर फिरतं, त्याला कॅलेंडर कुठे वाचता येतं? गाड्या बंदोबस्तात अडकल्या आणि 3 दिवसांचे 7 झाले. त्याच सूत्रात 7 घाला, 28 कार्डं होतात. आमच्याकडे 12. ग्राहकाची लाइन दीड शिफ्ट थांबली, डेबिट नोट आली, आणि मीटिंगमध्ये मलाच विचारलं, "फॉलोअप कमी पडला का?"

ट्रेनिंगवाले एक सांगत नाहीत. टोयोटासुद्धा सप्लायरला पुढचा अंदाज आधी देते. कार्ड त्यावर फक्त रोजचा मेळ घालतं.

म्हणून कॉइलपर्यंत एमआरपी, कॉइलच्या पुढे कार्ड. मधे कॉइलचा साठा, तिथे दोन्ही पद्धती भेटतात. कॅरोल प्टाक आणि चॅड स्मिथ यांनी 2011 मध्ये मांडलेल्या डीडीएमआरपीत (मागणीवर चालणाऱ्या एमआरपीत) हाच साठा लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांत बघतात. हातातला अधिक वाटेवरचा, वजा पक्की मागणी. हा आकडा पिवळ्यात उतरला की ऑर्डर टाकायची. आणि पर्वणीसारखं काही आधीच माहीत असेल तर पट्टे आधीच वाढवता येतात. साहेब, ऐकताय ना? याला पुश म्हणत नाहीत. एवढं सगळं एक्सेलमध्ये होतं, सॉफ्टवेअरचं नंतर बघा.

महिन्यातून एकदा जाणाऱ्या पार्टांना कार्ड लावूच नका, ऑर्डर आली की बनवा.

आणि हो, साहेबांच्या बाजूचंही एक सांगायला हवं. त्याच दिवाळीआधी मी तोऱ्यात तयार ब्रॅकेटचा ढीग लावला. ग्राहकाने ड्रॉइंगमध्ये भोक 2 मिलिमीटर सरकवलं, 3000 नग भंगारात गेले. तेव्हा साठा कॉइलचाच ठेवा, तयार मालाचा नको. एवढं सोडलं तर माझं बरोबर होतं, आणि 2027 च्या पर्वण्यांआधी तिथे कोणीतरी कॉइल मागवून ठेवावी.