धुवून वापरा, पण जोडी मोडू नका

तुम्ही विचारलंय: रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं) इंजिन घरीच उतरवलंय, टकटक आवाज होता, मिस्त्री म्हणतो हायड्रॉलिक टॅपेटचं (कॅम आणि व्हॉल्व्हकडे जाणारी पुशरॉड यांच्यामधला, तेलाने भरणारा भाग) सर्व्हिसिंग नसतं, नवीनच टाका. खरं आहे का?

नाही. हेच वाक्य मी मामांच्या तोंडून दहा वर्षं ऐकत आलोय, म्हणून लिहायला बसलो.

मामांचं नाशिकला पंचवटीत गॅरेज होतं. कास्ट आयर्न बुलेटला त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणायचा, पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. मोकळा फिरतोय पण वर-खाली हलत नाही, तिथे नट आवळायचा. फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) त्यांनी कधी हातात धरलं नाही. २००९ च्या सुमारास यूसीई इंजिन आलं आणि ते सेटिंगच संपलं, कारण टॅपेट तेलाच्या जोरावर गॅप स्वतःच भरून काढतो. तेव्हापासून मामांचा निकाल ठरलेला: "जे हाताने सेट होत नाही ते दुरुस्तही होत नाही."

मी सातपूरला डिझेल नोझलच्या फिटिंगवर १९ वर्षं काढली. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची. टॅपेटचा प्लंजर आणि बाहेरचं नळकांडं हे त्याच जातीचं काम. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, यावरून अंदाज घ्या. असा भाग घाण झाला म्हणून बाद होत नसतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी गाडी सिडकोतल्या पार्किंगमध्ये महिनोन्महिने उभी राहिली. सुरू केली तर टकटक, आणि इंजिन गरम झालं तरी थांबेना. उघडलं. मामा तेव्हा आमच्याकडेच होते, खुर्ची टाकून बसले. दोन्ही प्लंजर तपकिरी थराने चिकटलेले. दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या, एकीवर इनलेट, दुसरीवर एक्झॉस्ट लिहिलं आणि रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवले. सकाळी लाकडी पाटावर हलके आपटले तेव्हा प्लंजर सुटले. आत ज्वारीच्या दाण्याएवढा चेक बॉल, त्याखाली बारीक स्प्रिंग. बॉलच्या बैठकीवर काळा कण होता. सगळा आवाज त्या कणाचा: बॉल नीट बसत नव्हता, तेल मागे पळत होतं. कॉटन वेस्ट लावलं नाही, त्याचा तंतू तिथेच अडकतो. धुतलं, हवेने फुंकलं, ज्याचा प्लंजर त्याच्याच नळकांड्यात घातला. इथे अदलाबदल झाली तर दोन्ही टॅपेट गेले समजा, तो फिट परत मिळत नाही.

मग तेलात बुडवून वरच्या भोकातून बारीक तारेने बॉल दाबायचा, प्लंजर खाली-वर करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. अंगठ्याने दाबून दगडासारखा लागला पाहिजे. स्पंजसारखा दबला तर आत हवा आहे.

इंजिन जोडलं आणि किक हाताने हळूच दाबून पाहिली. कम्प्रेशन शून्य! मामा उठले. "व्हॉल्व्ह वाकवलास. उतरव हेड." जोरात किक मारून बघायला पायही ठेवला त्यांनी. मी हात धरला. काठोकाठ भरलेला टॅपेट पूर्ण उंच झालेला असतो, तो व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. व्हॉल्व्ह स्प्रिंग त्याला दाबत राहते, जास्तीचं तेल त्याच मायक्रॉनच्या फटीतून झिरपून जातं. फक्त वेळ द्यायचा. तासाभराने किकला नेहमीसारखा दाब लागला. सुरू केल्यावर मिनिटभर खडखड, मग शांत. मामांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "नवीन टाकले असते तर तुझा दिवस वाचला असता."

दिवस वाचला असता, मान्य. पण सर्व्हिसिंग नसतं म्हणणं चूक ते चूकच. तुमच्या मिस्त्रींनाही हेच सांगा.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. रॉकर बसवताना पिस्टन कम्प्रेशनच्या टीडीसीलाच हवा, बोल्ट थोडे थोडे आवळायचे. प्लंजरवर नखाला लागेल असा ओरखडा असेल किंवा कॅमकडच्या बाजूला खड्डे पडले असतील, तर धुण्यात अर्थ नाही, तिथे मामा बरोबर. खड्डे असतील तर कॅमही बघा. सकाळच्या पहिल्या स्टार्टला काही सेकंद टकटक होणं दोष नाही, त्यासाठी इंजिन उघडू नका. आणि ऑइल १५डब्ल्यू५० च घाला, फिल्टर नवा लावा, ऑइल पंप तपासा. तेलाचा दाबच कमी असेल तर नवे टॅपेटही वाजतील. तुम्ही आवाज थंड इंजिनवर येतो की गरम, ते लिहिलेलं नाही. ते कळवा.