ऑटोमॅटिक ट्रक आले, मग गिअरबॉक्स मिस्त्रीच्या मुलाने काय शिकावं?

इंदूरच्या देवास नाक्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. बावीस वर्षं ते ट्रकचे गिअरबॉक्स आणि क्लच उघडतायत. मुलगा यंदा बारावी झाला. ते विचारतात, "आता क्लचचं पेडलच नसलेले ट्रक येतायत. माझी विद्या त्याला देऊ, की यातून बाहेर काढू?"

दादा, नमस्कार. विद्या द्या.

आपल्याकडे माल ओढणाऱ्या मोठ्या ट्रकांत 'ऑटोमॅटिक' म्हणतात ते बहुतेक वेळा एएमटी असतं, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त गिअर आपोआप बदलणारा. त्याच्या पोटात तुमचेच गिअर, तेच शाफ्ट, तीच क्लच प्लेट. ड्रायव्हरच्या पायाचं आणि हाताचं काम तिथे बहुधा हवेचे सिलिंडर करतात, आणि कधी करायचं ते कंट्रोल युनिट ठरवतं. प्लेट तरीही झिजते, बेअरिंग तरीही ओरडतं. पण गिअर पडेनासा झाला की दोष गिअर सरकवणाऱ्या फोर्कमध्ये आहे, हवेच्या गळतीत, सेन्सरमध्ये की वायरिंगमध्ये, हे बॉक्स उतरवण्याआधी सांगता यायला हवं. तुमच्या शिकवणीत एवढीच भर हवी आहे.

ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार, टॉर्क कन्व्हर्टरचा, मात्र खरंच निराळा. तेलातून ताकद जाते, गिअर बदलताना ओढ तुटत नाही, म्हणून ते खाणीतल्या डंपरांत आणि अग्निशमनाच्या गाड्यांत दिसतं. किंमत जास्त, म्हणून लांबच्या मालवाहतुकीत आपल्याकडे ते क्वचित.

मुलाला एकदा भरल्या ट्रकमधून बिजासन घाटात न्या. मुरलेला ड्रायव्हर चढ बघून आधीच गिअर खाली घेतो. साध्या एएमटीला चढ दिसत नाही, भार आल्यावरच कळतो, म्हणून ड्रायव्हर कुरकुरतात आणि हाताने गिअर निवडायची सोय वापरतात. उतरताना गाडी हाताच्या गिअरची असो की एएमटीची, खालच्या गिअरमध्येच हवी, इंजिनाने गाडी धरून ठेवायची. जळकी प्लेट हातात घेऊन ती कशी चालवली गेली, हे तुम्ही सांगू शकता. हे कुठल्याच पुस्तकात नीट सापडत नाही.

आता शिक्षण. आयटीआयला दहावीवर प्रवेश मिळतो. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, मोटर व्हेईकल मेकॅनिक दोन वर्षांचा. मी दोन वर्षांचाच सांगेन, घाई नको. नंतर अप्रेंटिसशिप. पीथमपूरला ट्रकचे कारखाने जवळच आहेत, पण जमल्यास कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जागा धरा. कारखान्याच्या लाइनवर दिवसभर एकच जोडणी हाताखाली येते, वर्कशॉपमध्ये रोज नवा बिघाड येतो आणि कंट्रोल युनिटमधला दोष वाचणारा स्कॅनर हाती लागतो. मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी वय 20 लागतं आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स. ते आत्ताच सुरू करा.

एक राहिलं. तीन पानांच्या तुमच्या पत्रात मुलाला काय हवंय ते एका ओळीतही नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, मी वाट बघतो.