प्रश्न वाचकांचे : वेबपानाला बाहेरच्या फायली जोडताना

प्रश्न : करवीर तालुक्यातील आमच्या दूध संस्थेत संकलनाची नोंद ॲक्सेसच्या जुन्या एमडीबी फायलीत होते आणि सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे. दहा दिवसांचे बिल सभासदांना मोबाइलवर पाहता यावे, म्हणून मी एएसपी डॉट नेटमध्ये एक वेब ॲप्लिकेशन तयार केले. माझ्या संगणकावर ते नीट चालते. संस्थेच्या सर्व्हरवर मात्र ‘प्रोव्हायडर नोंदलेला नाही’ असा संदेश येतो. शिवाय काही सभासदांचे क्रमांक रिकामे दिसतात. चूक कोठे असावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील दोन अडचणींपैकी दुसरी अधिक गंभीर आहे. पहिलीत पान बंद पडते आणि ते सर्वांच्या लक्षात येते. दुसरीत पान चालूच राहते आणि एखाद्या सभासदाचे दूध हिशेबातून निसटते.

पहिलीचे कारण बहुधा ३२ आणि ६४ बिटांच्या फरकात आहे. ड्रायव्हर (म्हणजे फाइल उघडून वाचून देणारा दुवा; संदेशातील ‘प्रोव्हायडर’ तोच) हा आपल्या प्रोग्रामच्या पोटातच चालत असल्याने दोघांचे बिट जुळावेच लागतात. एमडीबी उघडणारा जुना ‘जेट ४.०’ केवळ ३२ बिटांत आहे, आणि सर्व्हरवरील आयआयएस (वेबपाने पुरवणारा विंडोजचा प्रोग्राम) सर्वसाधारणपणे ६४ बिटांत चालतो. त्यामुळे आयआयएसमध्ये आपले ॲप्लिकेशन ज्या गटात चालते, त्या ‘ॲप्लिकेशन पूल’च्या सेटिंगमध्ये ३२ बिटांच्या ॲप्लिकेशनांना परवानगी द्यावी, किंवा सर्व्हरवर ६४ बिटांचे ‘एसीई’ (जेटनंतरचे मायक्रोसॉफ्टचे) इंजिन बसवून प्रोग्राममधील जोडणीच्या ओळीत, म्हणजे ड्रायव्हर आणि फाइल सांगणाऱ्या ओळीत, त्याचे नाव लिहावे. एक्सेलची नव्या प्रकारची एक्सएलएसएक्स फाइल जेटला वाचता येत नाही, म्हणून एसीई आपल्याला तसेही लागेल. त्याच सर्व्हरवर ३२ बिटांचे ऑफिस असेल तर ६४ बिटांचे एसीई बसताना अडवणूक होते. अशा वेळी पहिलाच मार्ग धरून ३२ बिटांचे एसीई वापरावे.

आपण ओडीबीसीची (विंडोजमधील डेटाबेस जोडण्याच्या सोयीची) डीएसएन, म्हणजे नाव देऊन साठवलेली जोडणी, वापरत असाल, तर ती ‘सिस्टम’ प्रकारचीच हवी, कारण ‘युजर’ प्रकारची डीएसएन आपल्या लॉगिनपुरती असते आणि वेबसेवा वेगळ्याच खात्याखाली चालते. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ओडीबीसीची दोन व्यवस्थापन पाने असतात. त्यांपैकी ‘सिस्टम ३२’ या फोल्डरमधील पान ६४ बिटांचे आणि ‘सिसवॉव ६४’मधील पान ३२ बिटांचे आहे. या उलट्या नावांमुळे अनुभवी माणसेही चुकीच्या ठिकाणी डीएसएन करून बसतात. फाइल दुसऱ्या संगणकावर असेल तर ‘झेड’सारखे ड्राइव्हचे अक्षर सेवेला दिसत नाही; तेथे संगणकाच्या नावासह पूर्ण मार्ग द्यावा. त्याचप्रमाणे सेवेच्या खात्याला फाइल असलेल्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी असावी, कारण फाइल सामाईक उघडताना ॲक्सेस शेजारी कुलपाची एक छोटी फाइल तयार करतो.

आता रिकाम्या क्रमांकांविषयी. एक्सेलच्या रकान्याला ठरावीक प्रकार नसतो, म्हणून ड्रायव्हर सुरुवातीच्या ८ ओळी पाहून प्रकाराचा अंदाज बांधतो. त्या ओळींत १०१, १०२ असे निव्वळ आकडे असले की रकाना आकड्यांचा ठरतो, आणि पुढे ‘म-१४’ किंवा ‘२०७/अ’ असा क्रमांक आला की ड्रायव्हर कोणतीही तक्रार न करता ती जागा रिकामी ठेवतो. वाटणीनंतर एकाच घरात दोन खाती झालेल्या सभासदांचे क्रमांक अनेकदा असेच असतात, त्यामुळे फटका नेमका त्यांनाच बसतो. जोडणीच्या ओळीत ‘आयमेक्स = १’ (मिश्र रकाना मजकूर म्हणून वाचण्याची सूचना) लिहावे, असे सर्वत्र सांगितले जाते; पण त्या पहिल्या ८ ओळींत मिश्र मजकूर नसेल तर एवढ्याने काम होत नाही. त्यासोबत ‘एचडीआर = नो’ लिहिल्यास ‘सभासद क्रमांक’ हे शीर्षकच डेटाची पहिली ओळ म्हणून वाचले जाते, रकाना मिश्र ठरतो आणि सर्व क्रमांक मजकूर म्हणून मिळतात. मग ती पहिली ओळ प्रोग्राममध्ये गाळावी. दुरुस्तीनंतर क्रमांक असलेल्या ओळी एक्सेलमध्ये आणि पानावर सारख्याच भरतात का, हे अवश्य मोजून पाहावे.

मात्र माझे स्पष्ट मत असे की संकलन चालू असताना वेबपानाने मूळ फायलींना हात लावू नये. एसीई इंजिन सर्व्हरवरील अनेक वापरकर्त्यांच्या सेवेसाठी नाही, असे मायक्रोसॉफ्टनेही सांगून ठेवले आहे. सकाळचे आणि संध्याकाळचे संकलन संपल्यावर फायलींची प्रत काढून तीतील नोंदी एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस किंवा पोस्टग्रेएसक्यूएल यांसारख्या विनामूल्य डेटाबेसमध्ये भराव्यात आणि पानाने फक्त तेथूनच वाचावे. असे केल्यास ड्रायव्हर दिवसातून दोनदाच लागेल, आणि काटा चालू असताना फाइल अडकून रांग खोळंबणार नाही.

प्रश्न : जुन्या डीबीएफ (डीबेस, फॉक्सप्रोच्या) फायलीतील मराठी नावे वेबपानावर निरर्थक अक्षरांत उमटतात. कोणता ड्रायव्हर घ्यावा?
— एक वाचक, कागल

उत्तर : हा दोष बहुधा ड्रायव्हरचा नाही. डीबीएफचा आराखडा युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षर-संकेतांच्या, आधीचा आहे. त्यातील नावे बहुतेक वेळा एखाद्या जुन्या फाँटच्या संकेतांत साठवलेली असतात आणि तो फाँट लावल्यावरच मराठी दिसतात. म्हणून त्या फाँटसाठीच्या परिवर्तकाने सर्व नावे एकदाच युनिकोडमध्ये आणून नव्या डेटाबेसमध्ये ठेवावीत. ‘कुऱ्हाडे’, ‘सूर्यवंशी’, ‘क्षीरसागर’ अशा जोडाक्षरांच्या नावांत परिवर्तक हमखास चुकतो, तेव्हा ती यादी संस्थेच्या जुन्या सचिवांसमोर बसून नावागणिक तपासून घ्यावी.