फोटो दुसऱ्याचाच लागतो

"एवढं करूनही कोणी दखल घेत नाही" हे घेऊन माझ्याकडं समुपदेशनाला कुणी ना कुणी येतंच, त्यात संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा एमआयडीसीतले कंपनीवाले जास्त. त्यातलाच एक (ओळख बदललीये), मूळचा जिंतूरकडचा, वाळूजला मेंटेनन्सला. बायकोनंच पाठवला होता, झोप उडालेली, लेकरांवर खेकसायचा, राजीनामा टाइप करून मोबाईलमध्ये ठेवलेला.

कारण काय, तर गेटजवळच्या बोर्डावर 'एम्प्लॉई ऑफ द मंथ' म्हणून दुसऱ्याच फिटरचा फोटो, तोही परत परत. "मॅडम, मी मरमर करायलो अन् फोटो त्याचा! रात्री येऊन मशीन चालू केली म्हणून तो हीरो. माझ्या लाईनला मशीन बंदच पडत नाही, त्याचं काय?"

मेख इथंच आहे. दुरुस्त केलेला बिघाड सगळ्यांना दिसतो, झालाच नाही तो कोणाला दिसणार? बेअरिंगचा आवाज जरा बदलला की हा कानानं ओळखायचा, शिफ्ट संपता संपता बदलून टाकायचा, आणि ना कुठं नोंद ना कुणाला सांगणं.

पगार वाढला तर बरं वाटेल का, विचारलं. म्हणाला, "पैसा लागतोच, पण साहेबांनी एकदा विचारावं तरी." फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्येच मांडलंय, पगार कमी पडला की माणूस नाराज होतो पण नुसत्या पगारानं कामाची ओढ लागत नाही, त्याला दखल लागते. बोनसचंही तसंच, पात्र कामगाराला कायद्यानं किमान 8.33 टक्के मिळतो तो हक्क झाला, शाबासकी नाही, आणि पैशाची अन् दखलीची अशा दोन्ही तक्रारी एकदम नेल्या की साहेबाला फक्त पैशाचीच ऐकू येते.

मग ठरलं, राजीनामा महिनाभर तसाच राहू दे. रोज डायरीत दोन ओळी, काय जाणवलं, काय बदललं. नंतर सुपरवायझरला एवढंच विचारायचं, "सर, निवड कशावर होते?" याची माझ्यासमोर प्रॅक्टिस केली, तर गडी दरवेळी "त्याला काय येतंय" वर घसरायचा, शेवटी त्या फिटरचं नावच काढायचं नाही असं ठरवलं.

साहेबांना निकष काही धड सांगता आले नाहीत (बहुतेक ठिकाणी हीच गत). पण डायरी चाळून म्हणाले, मशीन बंद राहिल्याचे तास आता लाईनवार काढू. फोटो अजून लागला नाहीये, झोप मात्र बरी लागते म्हणे. मधी शेंद्र्याच्या एका कंपनीतही अर्ज टाकलाय, मी नको म्हटलं नाही, पुढच्या अप्रेझलला काय होतं ते बघून तो ठरवील.